देसाईगंज, २६ मार्च १९७२ : संशय नेमका कुणावर?

(पोस्ट मोठी आहे. घाईत असाल तर रात्री जेवणं झाल्यावर निवांत वाचा.)

गेले आठ-दहा दिवस आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय चालू आहे. कुठला ते मी लिहीत नाही. गुन्हा दाखल झालाय, तपास चालू आहे, आणि एफआयआरच्या पलीकडचं माझ्याकडे काही नाही. पण ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते, "गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, त्यामुळे पोरगी खोटं बोलतेय." दुसरी म्हणते, "पुरावे कसले बघत बसता, चौकात लटकवा." पहिल्या वाक्याचा पहिला अर्धा भाग शंभर टक्के बरोबर आहे. घोळ आहे तो 'त्यामुळे' या शब्दात. आणि हा घोळ देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला, तो आपल्याच भागातल्या एका खटल्यातून.

वडसा म्हणजे देसाईगंज. आज झाडीपट्टीच्या नाटकांच्या बुकिंगसाठी आपण तिथे जातो. १९७२ साली गडचिरोली जिल्हा व्हायचा होता, देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. तिथे एक आदिवासी मुलगी राहायची. आईबाप लहानपणीच गेलेले, भावासोबत राहून मोलमजुरी करायची. ज्या घरी कामाला जायची, त्या घरच्या बाईच्या भाच्याशी तिचं जमलं आणि दोघांनी लग्नाचं ठरवलं. भावाला ते पटलं नाही. बहिणीला पळवून नेलं अशी तक्रार त्याने २६ मार्च १९७२ ला देसाईगंज ठाण्यात दिली.

मुलीचं नाव मी लिहिणार नाही. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला तिच्याच नावाने ओळखला जातो, गुगल केलं तर दोन सेकंदांत सापडेल. तरीही नाही.

रात्री नऊच्या सुमारास सगळ्यांना ठाण्यात आणलं. जबाब झाले. साडेदहा वाजले असतील. तक्रार घेणाऱ्या हेड कॉन्स्टेबलने भावाला सांगितलं, मुलीच्या जन्माच्या नोंदीची नक्कल घेऊन ये, आणि तो घरी निघून गेला. (ही जन्माची नोंद लक्षात ठेवा.) मंडळी निघू लागली तेव्हा ठाण्यात उरलेल्या दोन पोलिसांनी, म्हणजे दुसरा एक हेड कॉन्स्टेबल आणि एक कॉन्स्टेबल, मुलीला थांबायला सांगितलं आणि बाकीच्यांना बाहेर काढलं. भाऊ, ती बाई आणि तिचा भाचा बाहेर वाट पाहत राहिले. थोड्या वेळाने ठाण्याचे दिवे बंद, दारं बंद. त्यांनी हाका मारल्या, मागच्या बाजूला जाऊन पाहिलं. लोक जमले. मग हेड कॉन्स्टेबल बाहेर आला आणि म्हणाला, मुलगी तर गेली. पाठोपाठ मागच्या बाजूने मुलगी बाहेर आली आणि तिने तिथल्या तिथे सांगितलं, कॉन्स्टेबलने काय केलं ते. हेड कॉन्स्टेबलनेही अंगचट केली, असं तिचं म्हणणं होतं. तो दारू प्यायलेला होता.

लोक चिडले. ठाणं जाळू म्हणाले, कॉन्स्टेबलला मारायला निघाले. घरी गेलेल्या हेड कॉन्स्टेबलला परत बोलावलं गेलं आणि तक्रार लिहिली गेली. बाहेर गर्दी नसती तर पोलिसांविरुद्धची तक्रार त्या रात्री पोलिसांच्याच ठाण्यात कागदावर आली असती का, हे ज्याने त्याने ठरवावं. मी वीसेक वर्षं ठाण्याच्या पायऱ्या झिजवतोय, माझं उत्तर ठरलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी रात्री आठला वैद्यकीय तपासणी झाली. अंगावर जखम नाही. वय अंदाजे चौदा ते सोळा. मुलीच्या कपड्यांवर आणि कॉन्स्टेबलच्या पायजम्यावर वीर्याचे डाग. शिवाय डॉक्टरांनी त्या काळच्या पद्धतीप्रमाणे 'दोन बोटांची' तपासणी केली आणि तिला लैंगिक संबंधांची सवय असल्यासारखं लिहून ठेवलं.

आता निकाल. सत्र न्यायालयाने १ जून १९७४ ला दोघांनाही सोडलं. न्यायाधीशांच्या मते मुलगी धडधडीत खोटारडी होती. ठाण्यात संबंध आला असेल, पण तो बलात्कार नव्हे. बाहेर गर्दी होती, गर्दीत तिचा प्रियकर होता, त्याच्यासमोर सोवळं दिसायला तिने बलात्काराचं नाव घेतलं, असं त्यांचं म्हणणं. वय सोळाच्या आत असल्याचंही सिद्ध झालं नाही म्हणाले. त्या वेळी कायद्याने संमतीचं वय सोळा होतं. सोळाच्या आत असती तर संमतीचा प्रश्नच उरला नसता. ज्या जन्माच्या नोंदीसाठी भावाला पाठवलं होतं, तिच्यावर अर्धा खटला टांगलेला होता.

नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ ला हा निकाल फिरवला. कॉन्स्टेबलला पाच वर्षं, हेड कॉन्स्टेबलला विनयभंगासाठी एक वर्ष. उच्च न्यायालयाचा विचार साधा होता आणि मला तो आजही शहाणपणाचा वाटतो. हे दोघे पोलीस मुलीला अनोळखी होते. भावाच्या तक्रारीवरून ठाण्यात आणलेली मुलगी, बाहेर भाऊ आणि होणारा नवरा उभा असताना, अनोळखी पोलिसाकडे स्वतःहून जाईल हे पटत नाही. भीतीने गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे. आणि तपासणी वीसेक तासांनी झाली, दरम्यान तिने आंघोळ केली असणार, म्हणून अंगावर खुणा सापडल्या नाहीत यात नवल नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर १९७८ ला पुन्हा दोघांना सोडलं. खंडपीठात न्या. जसवंत सिंग, न्या. कैलासम आणि न्या. कोशल. 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने हा निकाल आहे, फार मोठा नाही, वकिलीच्या विद्यार्थ्यांनी एकदा तरी अख्खा वाचावा. तर्क असा: अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार केल्याचं तिचं म्हणणं खोटं. कॉन्स्टेबलने हात धरला तेव्हा भाऊ जवळच होता, ओरडली का नाही? ओरडली नाही, म्हणजे भीती नव्हती. भीती नव्हती, म्हणजे जे झालं ते 'शांतपणे' झालं. आणि गुन्ह्याचा प्रत्येक घटक सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षाची, ती त्याने पार पाडली नाही.

यातलं शेवटचं वाक्य कुणालाच नाकारता येणार नाही. आरोपी निर्दोष आहे असं धरूनच कोर्टाने सुरुवात करायची असते. उद्या तुमच्या-माझ्या पोराचं नाव कुणी खोट्या तक्रारीत घातलं तर आपण त्याच तत्त्वाच्या आडोशाला जाणार. म्हणून मी या निकालावर रागावताना तत्त्वावर रागावत नाही. माझं म्हणणं एवढंच की संशयाचा फायदा द्यायचा तो पुराव्यातल्या संशयाचा. इथे पुरावा काय सांगत होता? रात्रीची वेळ, बंद दिवे, बंद दार, दारू प्यायलेला हेड कॉन्स्टेबल, 'मुलगी गेली' ही थाप, बाहेरचे साक्षीदार, बाहेर येताच मुलीने सांगितलेली हकीकत, पायजम्यावरचे डाग. हे सगळं पोलिसांना अडचणीचं. पोलिसांच्या बाजूला काय? तिच्या अंगावर ओरखडा नाही आणि तिचे आधी कुणाशी तरी संबंध होते. पहिल्यातून आपल्याला वाटतो तो निष्कर्ष काढायचा नाही म्हणाले, आणि दुसऱ्यातून मात्र थेट संमती काढली. आरोपीला निर्दोष मानायचं होतं, तर मुलीला खोटारडी मानायची गरज कुठून आली?

ती आली जुन्या सवयीतून. सतराव्या शतकात इंग्लंडात मॅथ्यू हेल नावाचे मोठे न्यायाधीश होऊन गेले. बलात्काराचा आरोप करायला सोपा आणि खोडायला अवघड, अशा अर्थाचं ते लिहून गेले, आणि पुढची तीनशे वर्षं न्यायाधीश तोच इशारा देत राहिले. (याच हेलसाहेबांनी १६६२ साली दोन बायकांना चेटकिणी ठरवणारा खटलाही चालवला होता, दोघींना फाशी झाली. तिथे पुराव्याबद्दलची सावधगिरी कुठे गेली होती कोण जाणे.) आपल्याकडे १८७२ चा पुरावा कायदा आला, त्यात तर सरळ कलमच होतं, १५५(४): बलात्काराच्या खटल्यात बाईचं चारित्र्य वाईट आहे हे दाखवून तिच्या साक्षीची किंमत कमी करता येईल. बरोबर शंभर वर्षांनी देसाईगंजच्या मुलीवर ही हत्यारं चालली.

वास्तविक दुसरा रस्ताही उपलब्ध होता. नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले व्हिव्हियन बोस सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि राजस्थानच्या एका लहान मुलीच्या खटल्यात, १९५२ च्या रिपोर्टात आहे तो, त्यांनी लिहिलं होतं की पीडितेच्या साक्षीला दुसरा आधार हवाच असा काही कायदा नाही. ती फक्त सावधगिरी आहे, न्यायाधीशाने ती मनात ठेवावी आणि प्रकरण पाहून ठरवावं. सव्वीस वर्षांनी ते कुणाला आठवलं नाही.

निकाल लागून वर्ष होत आलं तरी फारशी कुठे चर्चा नव्हती. मग १६ सप्टेंबर १९७९ ला चार जणांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. चौघंही कायद्याची माणसं. ठाण्यातली गरीब आदिवासी मुलगी आणि वर्दीतला पुरुष यांच्यात 'मान तुकवणं' आणि 'संमती देणं' हा फरक तुम्हाला दिसत नाही का, असा त्यांचा सवाल होता. १९८० साली मुंबईत बायका एकत्र आल्या, ८ मार्चला ठिकठिकाणी मोर्चे निघाले. फेरविचाराची मागणी झाली, ती फेटाळली गेली. विधी आयोगाने ८४ वा अहवाल दिला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

त्यातलं ११४-अ कलम मुद्दाम समजून घ्या, कारण त्याबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहे. "आता बाईने नुसतं म्हटलं की माणूस आत" असं पारावर ऐकू येतं. तसं अजिबात नाही. हे कलम सगळ्या बलात्काराच्या खटल्यांना लागू झालं नाही; पोलीस कोठडी, तुरुंग, दवाखाना, सामूहिक बलात्कार अशा, जिथे एका बाजूला सत्ता किंवा संख्या आहे, अशा प्रकारांपुरतं ते होतं. त्यातही संबंध आला हे आधी सरकार पक्षाने सिद्ध करायचं. ते झालं, आणि बाई कोर्टात उभी राहून म्हणाली की माझी संमती नव्हती, तर कोर्टाने संमती नव्हती असं धरायचं. तेही खोडून काढायची संधी आरोपीला आहेच. म्हणजे आरोपीचं निर्दोषत्व गेलं नाही, ठाण्यातल्या मुलीने 'ओरडले का नाही' याचा हिशोब द्यायची सक्ती गेली. नव्या साक्ष अधिनियमात हेच कलम १२० व्या क्रमांकाला आहे.

बाकीचं फार हळूहळू झालं. नागपूरच्याच एका फौजदाराच्या प्रकरणात १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पीडिता म्हणजे गुन्ह्यातली साथीदार नव्हे, तिच्या साक्षीकडे त्या नजरेने बघू नका. चारित्र्याचं १५५(४) कलम जायला २००३ उजाडलं. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येणार नाही, हे कायद्यात लिहायला २०१३. दोन बोटांची तपासणी करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरा, असं कोर्टाने २०२२ मध्ये बजावलं. देसाईगंजच्या रात्रीनंतर पन्नास वर्षांनी.

आणि दुसऱ्या पार्टीलाही सांगतो, याच न्यायालयाने उलट बाजूही सोडलेली नाही. २००८ च्या एका निकालात म्हटलंय की पीडितेची साक्ष महत्त्वाची असली तरी प्रत्येक वेळी ती ब्रह्मवाक्य मानता येत नाही, खोटा आरोपही माणसाला उद्ध्वस्त करतो. २०१२ मध्ये दिल्लीच्या दोन प्रकरणांत साक्षीतल्या विसंगती तपासून आरोपींना सोडलं. पण तिथे तपासली ती साक्ष. हकीकत जुळते का, वेळ जुळते का, इतर पुराव्याशी मेळ बसतो का. बाई कशी आहे, हा मुद्दा नव्हता.

'लटकवा' म्हणणाऱ्यांनी बदलापूर आठवावं. ऑगस्ट २०२४ मध्ये लोक रेल्वे रुळांवर उतरले. तक्रार घ्यायला पोलिसांनी आईबापांना ताटकळत ठेवल्याचा आरोप होता, लोकांचा राग समजण्यासारखा होता, देसाईगंजच्या गर्दीसारखाच. पण २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून मेला. पेढे वाटले गेले. पुढे जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात पाच पोलिसांना जबाबदार धरलं गेलं. त्या लहान मुलींचं काय झालं, कुणी केलं, कुणी दडपलं, याचा त्या माणसावरचा खटला आता कधीच चालणार नाही. १९७२ ला बंद ठाण्यात पोलिसांनी जे केलं त्यावर आपण चिडतो, आणि २०२४ ला बंद गाडीत पोलिसांनी सांगितलं ते मात्र एका रात्रीत खरं मानतो.

आपल्या तालुक्यातल्या प्रकरणात मी पुढेही बातमी देईन, पण कागद हातात आल्यावरच: वैद्यकीय अहवाल कधी झाला, कपडे जप्त केले का, सीसीटीव्हीचं फुटेज पोलिसांनी किती दिवसांत ताब्यात घेतलं, जबाब दंडाधिकाऱ्यांसमोर झाला का. ठाणेदारसाहेबांना हेच चार प्रश्न मी विचारलेत. दोनांची उत्तरं मिळालीत, दोन बाकी आहेत.

कमेंटमध्ये मुलीचं नाव, गाव, शाळा, फोटो, नातेवाइकांचं नाव काहीही टाकू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे तो गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आरोपीच्या घरच्यांनाही त्यात ओढू नका. दिसलं की डिलीट करीन, मग ती कमेंट कुणाचीही असो.