तळे, माळ आणि विद्यार्थी



सिद्धेश्वराचे तळे आपण सर्वांनी लहानपणापासून पाहिलेले आहे. संक्रांतीला नंदीध्वज निघतात, गड्ड्याची यात्रा भरते, सारा जिल्हा त्या काठी लोटतो. परंतु एवढे मोठे तळे कोणी उपसले असेल, हा प्रश्न त्या गर्दीत सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंपरा सांगते की, बाराव्या शतकात सिद्धरामांनी आपल्या अनुयायांसह हे काम केले. त्या वेळी या गावाला सोन्नलिगे म्हणत. कन्नड शरणपरंपरेत एक कथा आहे. अल्लमप्रभू या गावी आले आणि त्यांनी 'तुमचा तो वड्ड सिद्धराम कोठे आहे?' अशा अर्थाचा प्रश्न केला. वड्ड म्हणजे दगडमाती उपसणारा. अनुयायांना राग आला, सिद्धरामांनाही आला. पुढे दोघांचा संवाद झाला आणि तळी खणणे थोर असले तरी ज्ञानावाचून ते अपुरे आहे, हे सिद्धरामांना पटले, असे कथा सांगते.

कथेतील इतिहास किती आणि श्रद्धा किती, हे ठरविण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु तिच्यातला प्रश्न आजच्या विषयाच्या गाभ्याशी आहे. तरुणांनी आपल्या भोवतीच्या पाण्याविषयी, जमिनीविषयी, पशुपक्ष्यांविषयी काही शिकावे आणि काही करावे, असे आपण म्हणतो. मग आधी शिकावे की आधी करावे? सोलापूरच्या गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासात या प्रश्नाची उत्तरे वेगवेगळ्या काळी वेगवेगळी मिळाली. ती क्रमाने पाहू.

आपला जिल्हा अवर्षणाचा. एकरूखचा तलाव, ज्याला आपण हिप्परग्याचा तलाव म्हणतो, तो १८७१ साली पुरा झाला आणि पाचच वर्षांनी १८७६ चा भीषण दुष्काळ आला. त्या वेळी पुण्याच्या सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून दुष्काळाच्या हकीकती गोळा केल्या आणि सरकारपुढे मांडल्या. पाऊस का गेला, हे त्या माणसांना सांगता येत नव्हते. परंतु गावात जाऊन डोळ्यांनी पाहावे आणि पाहिलेले नीट लिहून ठेवावे, एवढी गोष्ट त्यांनी केली. पुढे १९३३ साली सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र निघाले. उतारावर बांध कसे घालावेत, पडलेला पाऊस जमिनीतच कसा मुरवावा, यांचे प्रयोग येथल्याच काळ्या जमिनीवर झाले. अभ्यास आणि काम एका शेतात आले ते असे.

आता १९७२ कडे येऊ. या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या. जून महिन्यात स्वीडनच्या राजधानीत, स्टॉकहोम येथे, मानवी पर्यावरणावर संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली. इंदिरा गांधी तेथे बोलल्या आणि दारिद्र्याचा प्रश्न पर्यावरणाच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही, हे त्यांनी जगाला ऐकविले. त्याच वर्षीच्या पावसाळ्याने महाराष्ट्राला दगा दिला. स्टॉकहोममध्ये ज्याची चर्चा झाली, ते येथे खडी फोडणाऱ्या माणसांच्या रूपाने रस्त्यावर उभे राहिले. 'पर्यावरण' हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता. 'दुष्काळ' हा मात्र घरोघरी होता.

याच सुमारास विद्यार्थ्यांना एक नवी वाट मिळाली होती. गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना देशातील ३७ विद्यापीठांत सुरू झाली. १९७३ साली तिच्या शिबिरांसाठी 'दुष्काळाविरुद्ध तरुण' हा विषय ठरला. पुढील काळात वनीकरण आणि वृक्षारोपण हेही शिबिरांचे विषय झाले. पदवीसाठी पुस्तके वाचणाऱ्या मुलाच्या हाती कुदळ आली, ही गोष्ट लहान नव्हे. तथापि हातात कुदळ आली म्हणजे ती कोठे मारावी हेही कळले, असे मात्र होत नाही. हे आपल्याला नान्नजच्या माळाने शिकविले.

सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवर नान्नजचा माळ आहे. शेतकऱ्याच्या लेखी तो पडीक, सरकारी दप्तरातही बहुधा तसाच. १९७० च्या दशकात आपल्या शहरातील हौशी पक्षीनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी तेथील माळढोकांकडे शासनाचे आणि अभ्यासकांचे लक्ष वेधले. माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांपैकी फार जड असा पक्षी. त्याची मादी बहुधा वर्षाला एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. या निरीक्षणातूनच पुढे १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झाले आणि १९८१ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ असद रहमानी व त्यांचे सहकारी येथे अभ्यासाला आले.

परंतु पुढची हकीकत सुखाची नाही. अभयारण्याची सीमा आखली गेली ती सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरांची. तिच्यात गावे आली, शेते आली, वस्त्या आल्या. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने पडली आणि माळढोकाचे नाव काढताच शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडू लागली. पुढे हे क्षेत्र सुमारे बाराशे चौरस किलोमीटरांवर आणावे लागले. शिवाय माळावर झाडे लावणे हे पुण्याचेच काम, अशी आपली सर्वांची समजूत. वस्तुतः माळढोकाला दूरवर दिसणारे उघडे गवत हवे असते. झाडी दाटली की माळ त्याला परका होतो. सद्‌हेतूने लावलेले रोपही चुकीच्या जागी अपकार करते. आज त्या माळावर माळढोकाचे दर्शन ही एखाद्‌दुसऱ्या भाग्याची गोष्ट उरली आहे. अल्लमप्रभूंच्या कथेतील आक्षेप आठशे वर्षांनी असा आपल्यावर उलटला.

मग शाळा-महाविद्यालयांनी काय केले? २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निर्णय दिला आणि पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीने आणावा असे सांगितले. २००३ साली न्यायालयाने पुन्हा आदेश दिले आणि पदवीच्या सर्व शाखांत पर्यावरणाचा अभ्यासक्रम आला. १ ऑगस्ट २००४ रोजी आपले सोलापूर विद्यापीठ स्थापन झाले. म्हणजे या विद्यापीठाचा विद्यार्थी कलाशाखेचा असो की वाणिज्याचा, पर्यावरणाची ओळख झाल्यावाचून तो पदवीधर होत नाही. दुसऱ्या बाजूने पाहिले तर पूर्वी कुदळ होती आणि पुस्तक नव्हते. आता पुस्तक आले, पण परीक्षेच्या आदल्या रात्री ते वाचून उत्तरे लिहिता येतात. ओझोनचा थर सांगता येतो, सिद्धेश्वराच्या तळ्यात पाणी कोठून येते हे मात्र सांगता येत नाही. दोष मुलांचा आहे काय? आम्ही वडीलधाऱ्यांनी त्यांना कधी काठावर नेऊन उभे केले, हे आधी आम्हीच स्वतःला विचारावयास हवे.

याच शहराने एक उलट उदाहरणही दिले आहे. मारुती चितमपल्ली यांचा जन्म १९३२ साली सोलापुरात झाला. तेलुगूभाषी घर, सोलापूरच्या शाळा, दयानंद महाविद्यालय, आणि नंतर कोइमतूरचे वनमहाविद्यालय. त्या काळी पर्यावरणाची प्रश्नपत्रिका नव्हती. वनखात्यात त्यांनी सुमारे छत्तीस वर्षे काढली. नवेगाव बांध, मेळघाट येथे ते राहिले आणि आदिवासींकडून, कोळ्यांकडून पाखरांची व झाडांची नावे शिकत गेले. नोकरीतले काम हीच त्यांची शाळा झाली आणि शिकलेले त्यांनी मराठीत लिहून ठेवले. २००६ साली सोलापुरात भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये सोलापुरातच त्यांनी देह ठेवला. अभ्यास आणि काम यांची ताटातूट त्यांनी होऊ दिली नाही, एवढेच त्यांच्याकडून घ्यावयाचे आहे.

ज्या स्टॉकहोममध्ये १९७२ ची परिषद भरली, तेथेच ऑगस्ट २०१८ मध्ये ग्रेटा थुनबर्ग ही पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी संसदेसमोर फलक घेऊन एकटी बसली आणि वडीलधाऱ्यांना जाब विचारू लागली. पाहता पाहता देशोदेशींची मुले तिच्यामागे आली. आपल्या मुलांनीही तसा जाब विचारला तर आपण रागावू नये. परंतु सोलापूरच्या मुलांना जाबाबरोबर आणखीही काही करता येईल. एका महाविद्यालयाने सिद्धेश्वराच्या तळ्याची पातळी व पाण्याचा रंग वर्षभर दर आठवड्याला टिपून ठेवावा. दुसऱ्याने आपल्या पेठेतील विहिरींचे पाणी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर मोजावे. तिसऱ्याने नान्नजला जाऊन गवताच्या जाती ओळखाव्यात आणि तेथील शेतकऱ्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. ही वही पुढच्या वर्षीच्या मुलांच्या हाती द्यावी. दहा वर्षांनी या शहराजवळ असा दस्तऐवज असेल की जो कोणत्याही कचेरीत मिळणार नाही. आणि झाड कोठे लावावे, गाळ कोठे काढावा, हे त्या वहीवरून ठरविता येईल.

यासाठी नवा कायदा नको, मोठा खर्चही नको. एक शिक्षक, पाचपन्नास मुले आणि खंड न पडू देण्याचा निर्धार एवढे पुरे. माळढोक परत येईल की नाही, हे कोणालाच सांगता येणार नाही. परंतु तो आलाच तर त्याला ओळखणारी आणि त्याच्यासाठी गवत राखणारी माणसे येथे असावीत, एवढी तयारी आपल्या हाती आहे. आज घरी जाताना थोडा वळसा पडला तरी तळ्याच्या बाजूने जा, आणि बरोबर मुले असतील तर त्यांना विचारा, हे पाणी कोठून येते? उत्तर आले नाही, तर पुढच्या रविवारचे काम ठरले असे समजा.