भरून येणाऱ्या जखमेचा इतिहास

१९९८ साली नागपुरात माझ्या वडिलांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीतला अडथळा फुग्याने मोकळा केला. बाबा दारव्ह्याला परतले, कापसाच्या हंगामात बाजारातही जाऊ लागले, आणि पाचव्या महिन्यात छातीत पुन्हा तीच कळ आली. "नळी साफ केली म्हन्ता, मंग परत बुजली कायले?" त्यांनी विचारले. घरात सगळ्यांनी मनातल्या मनात डॉक्टरांना दोष दिला, मीही दिला. पुढे या उपचाराचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा कळले की हाच प्रश्न जगभरच्या डॉक्टरांना वीस वर्षे छळत होता.

१६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी शुद्धीवर असलेल्या रुग्णाच्या हृदयधमनीत पहिल्यांदा फुगा फुगवला. छाती उघडावी लागली नाही. मात्र अशा रुग्णांपैकी साधारण तिघांत एकाची वाहिनी काही महिन्यांत पुन्हा अरुंद होई. फुग्याने धमनीचे आतले नाजूक अस्तर फाटते. मग भिंतीतल्या स्नायुपेशी जखम भरायला सरसावतात, वाढत राहतात आणि आतून जाड थर चढवतात. कातडीवर वण उठतो, तसेच हे. १९८६ मध्ये तुलूझला झाक प्युएल यांनी माणसाच्या हृदयधमनीत पहिला स्टेंट बसवला. धातूच्या या जाळीने भिंतीचे आकसणे रोखले, पण थर जाळीच्या आतही वाढतच राहिला.

त्यावरचा उपाय मातीत सापडला. १९६४ मध्ये कॅनडाच्या एका मोहिमेने ईस्टर बेटावरची माती गोळा केली. त्यातल्या एका जिवाणूपासून मॉन्ट्रियलच्या प्रयोगशाळेत सुरेंद्रनाथ सेहगल आणि सहकाऱ्यांनी एक द्रव्य वेगळे केले. बेटाच्या 'रापा नुई' या स्थानिक नावावरून त्याला रापामायसिन म्हटले. शोध बुरशीवरच्या औषधाचा होता. हाती आले ते पेशींचे विभाजन थांबवणारे द्रव्य. डिसेंबर १९९९ मध्ये साव पावलोत एदुआर्दो सौझा यांनी या औषधाचा लेप दिलेला स्टेंट प्रथम रुग्णात बसवला. २००२ मध्ये २३८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी साध्या जाळीच्या गटात २६.६ टक्के रुग्णांची वाहिनी पुन्हा अरुंद झाली होती. औषधी जाळीच्या गटात एकाचीही नाही.

आपल्याकडे अडचण उरली ती पैशांची. लाखाच्या घरातला स्टेंट कापूस विकून कसा घ्यायचा? फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली, तेव्हा तो थोडा आवाक्यात आला.

पण जे औषध वाढ थांबवते, ते धमनीचे नवे अस्तर येणेही लांबवते. तोवर उघड्या जाळीवर रक्ताची गुठळी होऊ शकते. म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या डॉक्टर सांगतील तितके महिने घ्याव्याच लागतात. परवा गल्लीतले एक काका म्हणाले, "आता कळ नाही, गोळ्या सोडल्या." मी त्यांना ओट्यावर बसवून बाबांच्या प्रश्नापासून सगळे सांगितले. संध्याकाळी ते डॉक्टरांकडे गेले.