दान कोणाच्या नावावर पडते

वर्धा शहराला आता जवळजवळ चिकटलेल्या नालवाडीतून कुठल्याही वाटेने बाहेर पडा, पावसाळा सरताना वावरांत कपाशी दिसणारच. याच सुमारास राज्यभर पिकाचा उतारा मोजणाऱ्या पीक कापणी प्रयोगांची धावपळ चालू असते. ज्याच्या वावरात खुंट्या ठोकल्या जातात त्याचा पहिला प्रश्न ठरलेला : ‘माह्यंच वावर काहून?’ उत्तरही ठरलेले. कुणी निवडले नाही, आकडा निघाला.

हा आकडा निघतो कसा, ते पाहण्यासारखे आहे. आधी गाव निघते, मग त्या गावातला गट नंबर. पुढे शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उभे राहून लांबी-रुंदी पावलांनी मोजतात, दोन आकडे काढतात, तितकी पावले आत जातात आणि तिथे चौकोनाची पहिली खुंटी ठोकतात. चौकोन शेताबाहेर जाणार असेल तर ते आकडे सोडून दुसरे घ्यायचे. कपाशीचे आणखी एक लचांड असते. ज्वारी एकदा कापली की काम संपले. कापूस वेचणी-वेचणीने घरी येतो, म्हणून तोच चौकोन शेवटच्या वेचणीपर्यंत सांभाळावा लागतो.

पूर्वी एवढा उपद्व्याप नव्हता. पटवारी बांधावरून नजर टाकी आणि पीक किती आणे ते ठरवी. ही आणेवारी नजरेवर चाले, आणि नजर माणसाची असल्याने तिला दबाव कळे, सवय कळे, कंटाळाही येई. (पैसेवारीच्या रूपाने ती पद्धत अजून सरकारी कागदात नांदते आहे, हे वेगळे.) 1920 च्या दशकात हबॅक या अधिकाऱ्याने बिहार-ओडिशात भातासाठी यादृच्छिक कापणी करून पाहिली. पुढे बंगालात संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी तागासाठी तिचा मोठा पसारा मांडला. कापसाच्या मुलखात मात्र मराठी नावे पुढे येतात. इंग्लंडच्या रॉथमस्टेड केंद्रात शिकून आलेले कलमकर आणि इंदूरच्या संस्थेत कापसावर काम करणारे विनायक गोविंद पानसे यांनी 1944-45 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये पिकाच्या उताऱ्याच्या पाहणीवर एकामागून एक लेख लिहिले. त्यांच्या जोडीला सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे आले, आणि महालनोबिसांशी त्यांचा चांगलाच खटका उडाला. वाद होता चौकोनाच्या मापाचा. छोटा तुकडा कापायला सोपा आणि स्वस्त. पण कडेवरचे झाड आत धरायचे की बाहेर, असा पेच पडला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. तुकडा जितका छोटा तितकी कड जास्त, म्हणून उतारा फुगतो. सुखात्म्यांनी हे 1946 च्या सुमारास आकड्यांनिशी दाखवले. गणिताच्या वादात हाताच्या ओढीला इतके मोल मिळणे विरळाच.

पण गाव निवडतानाच एक अडचण असते. सगळ्या गावांना सारखी संधी द्यायची का? समजा वर्ध्याजवळच्या चार गावांत कपाशी अनुक्रमे 400, 300, 200 आणि 100 हेक्टर आहे. चार चिठ्ठ्या टाकून एक काढली, तर 100 हेक्टरचे गाव आणि 400 हेक्टरचे गाव एका पंगतीत बसतात. अमेरिकेत हॅन्सन आणि हर्विट्झ यांनी 1943 मध्ये यावर तोड मांडली : आकारमानाच्या प्रमाणात संधी द्या. हेक्टरची बेरीज करत जा, 400, 700, 900, 1000. मग 1 ते 1000 मधला एक आकडा काढा. 736 निघाला? तो 700 च्या पुढे आणि 900 च्या आत, म्हणजे तिसरे गाव.

हजारो गावांची यादी हाताने बेरजेत चढवायची म्हणजे कारकुनाचे मरण. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या डी. बी. लाहिरींनी 1951 मध्ये ते वाचवले. साध्या आकड्याने एक गाव काढायचे, मग 1 ते 400, म्हणजे सर्वांत मोठ्या गावाच्या मापापर्यंतचा, दुसरा आकडा काढायचा. तो त्या गावाच्या हेक्टरांइतका किंवा कमी असला तर गाव पक्के. जास्त असला तर दोन्ही आकडे सोडून पुन्हा सुरुवात. बेरीज नाही, तरी मोठ्या गावाला त्याचा वाटा बरोबर मिळतो. असे यादृच्छिक आकडे घ्यायला टिपेटचे 1927 चे कोष्टक होतेच. त्यातले 41,600 अंक इंग्लंडच्या जनगणना अहवालांतून उचललेले होते.

असमान संधीचा हाच प्रश्न घेऊन आता वावरातून थेट संगणकावरच्या लढाईत जाऊ. राक्षसाची पाळी आली आहे, समोर तिघे उभे आहेत : पुढे ढालवाला, मध्ये धनुर्धर, मागे वैद्य. घाव कोणावर? सर्वांना सारखी संधी दिली तर ढाल पुढे ठेवण्यात अर्थ उरत नाही. नेहमी ढालवाल्यावरच घातला तर खेळणाऱ्याला दोन पाळ्यांत ते कळते आणि खेळाची गंमत जाते. ‘आरपीजी मेकर’ हे जपानी साधन घरबसल्या खेळ रचणाऱ्यांचे आवडते. त्याच्या एक्सपी आणि व्हीएक्स या आवृत्त्यांत उत्तर अगदी गावठी होते. पुढच्याच्या नावाच्या चार चिठ्ठ्या, मधल्याच्या तीन, मागच्याच्या दोन, सगळ्या एका यादीत टाकायच्या आणि एक उचलायची. नवांतल्या चार वेळा ढालवाला सापडणार, दोनदा वैद्य.

2011 च्या व्हीएक्स एस मध्ये चिठ्ठ्या गेल्या. प्रत्येक योद्ध्याला ‘टार्गेट रेट’ म्हणून वजन मिळाले. सगळ्या वजनांची बेरीज, तिच्या आत एक यादृच्छिक संख्या, मग ओळीने एकेकाचे वजन वजा करत जायचे. संख्या शून्याखाली गेली की तिथे जो उभा आहे त्याच्यावर घाव. हॅन्सन-हर्विट्झची चढती बेरीज उलटी उतरली, एवढाच फरक. फायदा असा की वजन पूर्णांक असण्याची सक्ती सुटली. ढालवाल्याने शत्रूला डिवचले आणि त्याचे वजन 4 वरून 8 झाले, तर 13 पैकी 8 वाटे त्याचे. चिठ्ठ्या पुन्हा लिहायला नकोत.

दोघांचा हिशेब एकच असला, तरी हेतू उलटे आहेत. खेळात वजन म्हणजे पक्षपात, आणि तो मुद्दाम ठेवलेला असतो. पाहणी करणारा मात्र मोठ्या गावाला जास्त संधी देतो आणि मग हिशेबात ती परत काढून घेतो : आलेला आकडा त्या गावाच्या संधीने भागायचा. हॉर्विट्झ आणि थॉम्पसन यांनी 1952 मध्ये हे सूत्र मांडले. मग प्रश्न उरला, असमान संधीच्या निवडीनंतर सर्वांत चांगला अंदाज कोणता? पुण्यात 1926 मध्ये जन्मलेले विद्याधर गोडांबे हे काही काळ मुंबई सरकारच्या सांख्यिकी खात्यात होते. त्यांनी 1955 च्या निबंधात दाखवले की, सर्व परिस्थितींत सरस ठरणारा असा एकच अंदाज नाहीच. नमुना पाहणीच्या शास्त्राला हा धक्का चांगलाच बसला. पुढची कित्येक वर्षे त्यावर खल चालला.

कॅनडात वॉटरलू विद्यापीठात शिकवणाऱ्या याच गोडांबेंनी तत्त्वज्ञ इयन हॅकिंग यांचे लक्ष महाभारतातल्या नलोपाख्यानाकडे वेधले. हॅकिंगने संभाव्यतेच्या इतिहासावरच्या आपल्या 1975 च्या पुस्तकात ती गोष्ट घेतली. द्यूतात राज्य घालवलेला नल बाहुक बनून राजा ऋतुपर्णाचा रथ विदर्भाकडे हाकतो आहे. जायचे आहे कुंडिनपुरास. ते वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर, असे मानतात. वाटेत बेहड्याचे झाड दिसते. ऋतुपर्ण नुसते पाहून सांगतो की, दोन फांद्यांवर 5 कोटी पाने आणि 2,095 फळे आहेत. बेहड्याची फळे हेच तेव्हाचे फासे, त्यामुळे झाड मोजण्याची विद्या आणि द्यूताची विद्या एकाच माणसाकडे असावी यात नवल नाही. नलाला खरे वाटत नाही. उशीर होतो आहे म्हणून राजा कुरकुरतो, तरी नल रथ थांबवून झाड तोडतो आणि मोजतो. आकडा जुळतो. मग घोड्यांच्या विद्येच्या बदल्यात तो राजाकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या, शिकून घेतो, आणि पुढे त्याचे राज्य जिंकून घेतलेल्या पुष्कराला पुन्हा खेळायला बसवतो.