५.१ मधला 'ॲ'

परवा रविवारी सोनिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या फोन-यादीत 'ॲम्ब्युलन्स' शोधली. सर्च म्हणाला, काही सापडलं नाही. शेजारच्या काकांच्या छातीत दुखत होतं, आणि नंबर त्याच यादीत होता! सर्च मीच लिहिलेला, तेव्हा शिव्या कुणाला घालणार? शेवटी काकांना रिक्षातून नेलं. (आता ठीक आहेत.)

गोम निघाली युनिकोडच्या आवृत्ती-क्रमांकात. १९९१ च्या १.० मध्ये देवनागरी होती, पण आपला 'ॲ' स्वतंत्र अक्षर म्हणून नव्हता. मग आपण 'अ'ला अर्धचंद्र जोडून भागवायचो. कधी जुळायचं, तर कधी मध्येच ठिपक्यांचं वर्तुळ उगवायचं. 'ॲ' आला ५.१ मध्ये, एप्रिल २००८ ला.

आता ५.१ म्हणजे 'पाच पूर्णांक एक दशांश' नव्हे हं. टिंब फक्त दोन आकडे वेगळे ठेवतं. तेव्हा पहिला आकडा वाढला की मोठा बदल, शिवाय छापील ग्रंथ निघायचा. दुसरा वाढला की थोडीशी भर. १९९८ च्या २.१ मध्ये जेमतेम दोन चिन्हं आली, त्यातलं एक युरोचं. म्हणे किरकोळ!

पण आवृत्ती वाढली म्हणून आधी टाइप केलेला मजकूर बदलत नाही. जुना जोडलेला आणि नवा 'ॲ' दिसतात सारखे, कॉम्प्युटरला मात्र ते वेगळे, आणि दोघांना एकच मानायची सोय युनिकोडने ठेवलेली नाही. यादी जुन्या पद्धतीची, माझा कीबोर्ड नव्या.

त्याच रात्री दोन्ही एक मानणारी ओळ कोडमध्ये टाकली. आता यादीतले 'ॲड.'वाले वकीलही सापडायला लागलेत.