एक्झेक (शेलमधील आज्ञा)

युनिक्स आणि लिनक्सच्या शेलमधील अंगभूत आज्ञा. चालू स्क्रिप्टच्या प्रोसेसमध्ये शेलच्या जागी दुसरा प्रोग्रॅम बसवणे हे तिचे काम. एरवी स्क्रिप्टमधून प्रोग्रॅम चालवला, की शेल 'फोर्क'ने स्वतःची प्रत काढते, प्रतीत नवा प्रोग्रॅम चढतो आणि मूळ शेल तो संपेपर्यंत थांबते. आज्ञेआधी एक्झेक लिहिले, की प्रत निघतच नाही. प्रोसेसच्या मेमरीतून शेल जाते, तिथे नवा प्रोग्रॅम येतो. परतायला शेलच उरत नसल्याने त्याखालच्या ओळी कधीच चालत नाहीत. स्क्रिप्ट संपताना तात्पुरत्या फाइली पुसण्यासाठी लावलेला 'ट्रॅप'ही चालत नाही; नवखे इथेच फसतात.

प्रोसेसचा क्रमांक मात्र तोच राहतो. चालू डिरेक्टरी, एक्स्पोर्ट केलेली व्हेरिएबल्स आणि उघड्या फाइलीही नव्या प्रोग्रॅमकडे जातात. 'क्लोज-ऑन-एक्झेक' खूण असलेल्या फाइली तेवढ्या बंद होतात.

युनिक्समध्ये ही कल्पना फोर्कहून जुनी आहे. पीडीपी-७ संगणकावरच्या 1969 च्या सुमाराच्या युनिक्समध्ये आज्ञेचा प्रोग्रॅम शेलवरच चढे आणि तो संपल्यावर शेल डिस्कवरून नव्याने वाचले जाई. फोर्क नंतर आले.

आज या आज्ञेची गरज विशेषतः कंटेनरमध्ये भासते. सुरुवातीची स्क्रिप्ट सेटिंग लावते आणि डेटाबेस सुरू करते. एक्झेक नसेल, तर प्रोसेस क्रमांक 1 शेलकडेच राहतो. कंटेनर थांबवणारी 'डॉकर स्टॉप' ही आज्ञा दिल्यावर 'सिगटर्म' हा बंद होण्याचा सिग्नल शेलला मिळतो, ते तो पुढे पोचवत नाही, आणि ठरलेले 10 सेकंद उलटले की 'सिगकिल' येऊन डेटाबेस मधल्यामध्ये मारला जातो. शेवटच्या ओळीत एक्झेक असेल, तर सिग्नल थेट डेटाबेसला मिळतो आणि तो नीट आवरून बंद होतो. अशा स्क्रिप्टमध्ये हा शब्द गाळणे ही चूकच मानली पाहिजे.

प्रोग्रॅम सापडला नाही, तर बॅशमधली स्क्रिप्ट 127 हा कोड देऊन तिथेच संपते. फाइल आहे पण चालवता येत नाही, तर 126. 'एक्झेकफेल' हा पर्याय चालू असेल, तर स्क्रिप्ट पुढे जाते.

प्रोग्रॅमचे नाव न देता नुसते रीडायरेक्शन दिले, तर शेल जागेवरच राहते आणि त्याचे इनपुट-आउटपुट वळते. स्क्रिप्टच्या आरंभी अशी एक ओळ लिहिली, की पुढचे सगळे आउटपुट लॉग फाइलमध्ये जाते.