नांगर खपेना तेव्हा

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली बेळगावात लोखंडी नांगर तयार केले आणि पुढची दोन वर्षं ते जवळजवळ तसेच पडून राहिले. लोखंडाने जमिनीला विष चढतं, असं शेतकरी म्हणत. ही समजूत हसण्यावारी नेऊ नये. ज्याच्या घराचं वर्षभराचं पोट एका वावरावर, तो त्या वावरावर परक्या वस्तूचा प्रयोग कशाला करील?

जाहिरात तोवर खेड्यात पोचली होती. ‘केसरी’ 1881 पासून निघत होता. पारावर एकजण वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. 1877 पासून टपालखात्याची व्ही. पी. पद्धत सुरू झाली होती, म्हणजे वस्तू हातात पडल्यावर पैसे मोजायचे. औषधं, पुस्तकं, लहानसहान चिजा यांना हा रस्ता छान होता. नांगर मात्र पोस्टमनच्या पिशवीत मावत नाही. शिवाय त्यात पैशांपेक्षा मोठी जोखीम होती, एका हंगामाची. नाव, किंमत आणि पत्ता छापून ती भीती जाणार नव्हती.

शेतकऱ्याला सांगायला हवं होतं ते निराळंच. लाकडी नांगर काळ्या रानात माती उकरतो. लोखंडी नांगर ती पालथी घालतो. हरळी आणि कुंदा खोलवरून निघतात. फाळ झिजला तर नवा मिळतो. हे पटतं ते शेजाऱ्याच्या शिवारात पाहून, किंवा कुणीतरी निवांत समजावून सांगितल्यावर. चौकटीतल्या चार ओळींत ते बसत नाही.

1910 साली औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या जागेवर, कुंडल रोड स्टेशनाजवळ, कारखाना हलला आणि किर्लोस्करवाडी वसली. तिथे लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव होते. चित्रकला शिकलेला आणि लिहिण्याची ओढ असलेला हा माणूस नांगराच्या कारखान्यात असणं, हा मी मराठी वाचकाचा मोठा भाग्ययोग मानतो. 1920 साली त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखाना आणि त्याचा माल यांची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत न्यावी, एवढाच मूळ हेतू. पण नुसत्या मालाची माहिती दर महिन्याला कोण वाचणार? वाचकाला धरून ठेवायचं तर त्याच्या कामाचं, त्याच्या घराचं, त्याला विचारात पाडणारं काही द्यायला हवं. शंकररावांनी ते दिलं, आणि पानं भरत गेली ती उद्योगाच्या हकिकतींनी, कथांनी, सामाजिक लेखांनी. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध पुढे याच मासिकातून आले.

त्याच औंध संस्थानात, कराडजवळ ओगलेवाडीला, प्रभाकर कंदील तयार होत होता. नांगर आणि कंदील, दोन्ही खेड्यातल्या घराच्या रोजच्या वस्तू, आणि दोन्ही देशी कारखान्यांच्या. त्यांना गिऱ्हाईक मिळवायचं तर विलायती मालाशी झुंजावं लागे, आणि त्यासाठी मराठीत बोलणं भाग होतं.

‘खबर’चं पुढे ‘किर्लोस्कर’ झालं. 1930 साली ‘स्त्री’ निघालं, 1934 साली ‘मनोहर’. नांगर कधी हातातही न धरलेली माणसं तोवर या मासिकांची वर्गणीदार झाली होती.