आशुबाबू आणि गाइसलर: लॅबमधला दुसरा माणूस

आज शास्त्रज्ञांबद्दल नाही, त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाबद्दल बोलूया. टेक्निशियनबद्दल.

कुठल्या देशात किती माणसं संशोधनात आहेत, हे मोजायचं कसं? यासाठी १९६३ मध्ये इटलीतल्या फ्रास्काटी गावात तज्ज्ञ जमले. तिथून आलेलं ‘फ्रास्काटी मॅन्युअल’ आजही वापरतात. त्यात तीन खाने आहेत: संशोधक, टेक्निशियन आणि इतर मदतनीस. आपण सहसा पहिलाच खाना बघतो. मी आज दुसरा उघडतोय, जर्मनी आणि भारताचा.

आधी जर्मनी. बॉन शहरात हाइनरिश गाइसलर नावाचा काच फुंकणारा कारागीर होता. १८५७ मध्ये त्याने आतली बहुतेक हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळ्या बनवल्या. वीज सोडली की नळी रंगीत उजेडाने भरून जायची. प्रोफेसर प्ल्युकरांनी त्यावर प्रयोग केले, पण नळ्यांना नाव दिलं गाइसलरचं. १८६८ मध्ये बॉन विद्यापीठाने या कारागिराला मानद डॉक्टरेट दिली. पुढे एक्स-रे आणि इलेक्ट्रॉन सापडले ते याच नळ्यांच्या सुधारलेल्या पिढ्यांमध्ये.

आता कलकत्ता. बोबझार स्ट्रीटवरच्या संस्थेत सी. व्ही. रामन सरकारी नोकरी सांभाळून प्रयोग करायचे. जोडीला आशुतोष डे, सगळ्यांचे आशुबाबू. कॉलेजची पायरीही न चढलेला माणूस. आणि लंडनच्या रॉयल सोसायटीच्या जर्नलमध्ये त्यांचा पेपर छापून आला, एकट्याच्या नावावर!

म्हणजे हात आपल्याकडेही होते. मग फरक कशात पडला?

कायद्यात म्हणाल, तर तिथे आपण मागे नव्हतो. आपल्याकडे कारागीर प्रशिक्षण योजना १९५० ची, म्हणजे आपली आयटीआय. अ‍ॅप्रेंटिस कायदा १९६१ चा. जर्मनीचा देशभर लागू होणारा व्यवसाय प्रशिक्षण कायदा तर १९६९ चा. पण तिथे कायद्याच्या खूप आधीपासून उस्तादाकडे शिकायची परंपरा होती, आणि शिकून झाल्यावर पुढे शिडी होती. आजही तिथे ‘फिजिक्स लॅब टेक्निशियन’ हा साडेतीन वर्षांचा रीतसर कोर्स आहे. पगार घेत, काम करत शिकायचं. पुढे परीक्षा देऊन ‘माइस्टर’ व्हायचं. देशाच्या पात्रता चौकटीत माइस्टर आणि बॅचलर डिग्री एकाच पायरीवर आहेत, सहाव्या.

आपल्याकडेही वाट आहे: आयटीआय, मग डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षाला बीटेक. पण नीट बघा, या वाटेवर वर चढायचं म्हणजे हातातलं हत्यार खाली ठेवायचं. जर्मनीत हत्यार हातात ठेवूनच वर जाता येतं. माझ्या मते खरी तुलना इथे आहे. नुसते आकडे शेजारी ठेवून ती दिसत नाही.

मी स्वतः बीटेकवाला. आमच्या लॅबमध्ये बिघडलेला ऑसिलोस्कोप सुरू करायचे ते मामा. जर्नलवर सही सरांची. मामांचं पूर्ण नाव वर्गात कुणाला माहीत नव्हतं.

गाइसलरच्या देशात पुढच्या गाइसलरसाठी वाट बांधली गेली. आपले आशुबाबू अपवाद म्हणून गोष्टीतच राहिले. उद्या आपल्याला चिप बनवायच्या आहेत, रॉकेट सोडायची आहेत. ती नुसत्या डिग्रीवाल्यांच्या जोरावर होणार नाहीत.

तुमच्या कॉलेजातल्या लॅबच्या मामांचं नाव आठवतंय? आठवत असेल तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!